लटक्या घरातली तुळसाबाई

रोज सकाळी, बंगल्यात दुसरं कुणी जागं व्हायच्या आत, तुळसाबाई बाहुल्याच्या तोंडावर देवीचे फोड चिकटवत असे. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेला साबुदाणा तोवर टपोरा फुगलेला असायचा. बोटाच्या टोकावर बाभळीचा डिंक घ्यायचा, एक दाणा उचलायचा, गालावर ठेवायचा आणि तो धरेपर्यंत हलकेच फुंकर घालत राहायचं. कपाळ, गाल, हात, तळवे. पोटावर अगदी थोडे. पोटावर दाटी झाली तर त्या कांजिण्या, हे डॉक्टर घाट्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, कारण तेव्हा तिने पोटच आधी भरून टाकलं होतं. फुंकर घालताना ती काहीतरी पुटपुटायची. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, बाई तापलेल्या लेकराला निजवते आहे.

बाहुला जुन्या धोतराचा होता, आत कापूस, दोनेक वर्षांच्या पोराएवढा. तुळसाबाई त्याला लहानू म्हणायची. तिच्या तोंडून ऐकून सगळेच लहानू म्हणू लागले. हे नाव कुठून आलं, ते कुणी विचारलं नाही.

हा बंगला धरमपेठेत होता. पंचाहत्तर साल असेल. आपल्याकडची देवी सरत आली होती, पण आफ्रिकेतल्या काही मुलखांत ती अजून गावोगाव हिंडत होती. तिकडे पाठवायच्या नर्सा, आरोग्य निरीक्षक आणि तरुण डॉक्टर यांना एक संस्था या बंगल्यात काही आठवडे ठेवून तयार करत असे. दुतोंडी सुईने टोचायचं कसं, उन्हातान्हात लस गार ठेवायची कशी, एक रोगी सापडला की त्याच्याभोवतालचं घर न् घर कसं धुंडाळायचं, हे सगळं समोरच्या मोठ्या खोलीत फळ्यावर चालायचं. मागच्या आवारात माळ्याची एक जुनी खोली होती. तिच्या छपरावर कवेलू चढवले, भिंती शेणाने सारवल्या, दाराला आतून कडी बसवली. त्या खोलीत फक्त दार शिकवलं जायचं. शिकणारी पोरं तिला लटकं घर म्हणत.

शिकवणी अशी होती: आत एक आई बसलेली आहे. तिचं पोर देवीने पडलं आहे आणि ती ते लपवते आहे. बाहेरच्याने तिला दार उघडायला लावायचं. ढकलायचं नाही, धमकी द्यायची नाही, शिपायाचं नाव काढायचं नाही. डॉक्टर श्रीधर घाटे स्वतः बरीच वर्षं साथींमागे फिरलेले होते. बळाने उघडलेल्या दारामागची बाई पुढच्या वेळी पोर शेतात नेऊन लपवते, एवढंच ते म्हणायचे आणि पानाचा तोबरा भरायचे.

गिरिधर नावाच्या एका निरीक्षकाने एकदा विचारलं, "पण सर, तिकडे आपली भाषा कोण बोलणार आहे?"

"कुणीच नाही. म्हणून तर इथे सवय करा, शब्द कामाला आले नाहीत तर काय करायचं त्याची."

सुरुवातीला आईचं सोंग सिंधूताई करायच्या. त्या बंगल्यातलं स्वयंपाकघर सांभाळत. पण समोर कुणी गंभीर चेहऱ्याने "बाई, घरात कुणी आजारी आहे का?" म्हटलं की त्यांना आतून हसू फुटायचं. एक दिवस त्यांनी भांडी घासणाऱ्या तुळसाबाईला पदर धरून आत ढकललं. "तू बस वं. मले नाही जमत हे."

तुळसाबाई बसली. बाहेरच्या पोराने हाक मारली, समजावलं, विनवलं. आतून एकच आवाज आला, "कोणी नाही घरी." तो आवाज असा होता की आवारात उभे असलेले सगळे दाराकडे वळले. कुणीतरी खूप दुरून, पाण्याखालून बोलल्यासारखं. त्या दिवशी दार उघडलंच नाही. शेवटी घाटे स्वतः गेले आणि म्हणाले, "तुळसाबाई, झालं आता. या बाहेर." ती बाहेर आली तेव्हा उन्हात डोळे बारीक करून सगळ्यांकडे पाहत राहिली, जणू ही माणसं कोण ते तिला जरा वेळाने आठवणार होतं. तिच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण त्या उन्हात फार खोल दिसले.

दुसऱ्या दिवसापासून ते काम तिचं झालं.

एक अडचण मात्र होती. ज्या घरात माता आली, त्या घरात काय काय असतं ते घाट्यांना ठाऊक होतं. दाराला कडुनिंबाचा डहाळा, कोपऱ्यात शेंदूर लावलेला गोटा, त्याच्यापुढे पाण्याचा लोटा. ते सगळं मांडा म्हणाले, तेव्हा तुळसाबाईने हात पदराला पुसले.

"डाक्टरसाहेब, मी बौद्ध आहो. हे सोडलं आम्ही."

खरंच सोडलं होतं. छप्पन साली दसऱ्याला तिने आणि तिच्या नवऱ्याने, नत्थूने, पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली होती. घरी येऊन नत्थूने मातेचा गोटा उचलला आणि विहिरीत टाकला. पाण्याचा आवाज झाला, मग काही नाही. तुळसाबाई काठावर उभी राहून वाट पाहत होती, काहीतरी होईल म्हणून. संध्याकाळी तिने भाकरी केल्या आणि सगळे जेवले.

आता घाटे म्हणाले, "मग राहू द्या. मी दुसरं कुणी बघतो."

तिने दिवसभर भांडी घासली. संध्याकाळी निघताना म्हणाली, "डहाळा लावतो. लोटा ठेवतो. गोटा नाही ठेवणार. कोपरा तसाच राहू द्या."

तसंच ठरलं. लटक्या घराचा तो कोपरा रिकामा राहिला. त्याच्यापुढे पाण्याचा लोटा असायचा आणि तुळसाबाई लहानूला मांडीवर घेऊन त्याच्याकडे तोंड करून बसायची. आत गेलेल्या पुष्कळांनी नंतर सांगितलं की त्या कोपऱ्यात काही नव्हतं, तरी तिथे पाय पडू द्यायला भीती वाटत होती.

इंदोऱ्यातल्या तिच्या वस्तीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेजारची भीमाबाई नळावर तिची वाटच पाहत होती.

"काहून वं तुळसे, तिकडे धरमपेठेत माता पूजून राहिली म्हणे? अन् इकडे वंदनेले पहिल्या रांगेत!"

"खडी गंमतीच्या खेळातल्या राजाले तू शेतसारा देते काय, भीमे?"

"तो राजा पगार नाही घेत वं."

"घेते तर! बिदागी घेते, अन् वरून कोंबडं खाते. तुह्याच घरी खाल्लं होतं मागच्या साली."

नळावरच्या बाया हसल्या, भीमाबाईही हसली. पण घरी येऊन तुळसाबाई भरलेला हंडा कडेवरून उतरवायचा विसरून तशीच उभी राहिली. भीमाबाईचं बोलणं तिला लागलं नव्हतं. तिला वाटत होतं ते वेगळंच. अलीकडे लटक्या घरातून निघताना कोण निघतं आणि कोण मागे बसून राहतं, हे तिला नीट कळेनासं झालं होतं.

ते घर तिचं ओळखीचं होतं. रामटेकच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांना लागून तिच्या वडलांचं गाव. गावाच्या कडेला त्यांचा मोहल्ला. ती आठेक वर्षांची असताना तिला देवी आल्या. मायने दाराला डहाळा लावला, घरात फोडणी बंद केली, कारण तेलाचा चुर्र आवाज मातेला खपत नाही. दिवस आणि रात्र एकमेकांत मिसळून गेले. गवताच्या छपरातून एक उन्हाची काडी खाली यायची आणि भिंतीवरून हळूहळू सरकत जायची. तापात तिला वाटे, ती काडी धरून वर जाता येईल. मग एक दिवस बाहेर पावलं वाजली. टिके लावणारा, म्हणजे देवी टोचणारा, आला होता. तो मोहल्ल्याच्या तोंडाशी, चिंचेखाली थांबला. त्यांच्या दाराशी तो येणार नव्हता, शिवाशिव होती. तिथूनच ओरडला, "कुणी बिमार आहे का रे?" माय दारात जाऊन म्हणाली, "कोणी नाही घरी." आणि पावलं वाजत वाजत गेली. आत गोधडीखाली तुळसा ती ऐकत होती. तिच्या पायाशी तिचा धाकटा भाऊ खेळत होता, धडधाकट, दोन वर्षांचा. तो लहानू. तुळसा उठली, आणि मग तो पडला. तो काही उठला नाही.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नत्थूलाही नाही. आता तो नव्हताच. गिरणीतून खोकला घेऊन आला आणि गेला.

दार उघडायचं की नाही, हे ठरवायचा हक्क घाट्यांनी तिच्यावरच सोडला होता. बाईने उघडलं तर पास, नाही तर पुन्हा शिका. ती कशावरून ठरवते ते कुणाला कळत नसे. खरं तर गोष्ट साधी होती. जो लांब उभा राहून बोले, त्याला ती उघडत नसे. जो पायरीवर येऊन बसे आणि घोटभर पाणी मागे, त्याला ती आधी फटीतून लोटा देई आणि मग जरा वेळाने कडी काढे. पण हा सुगावा पोरांना लागला आणि मग जो तो आल्याबरोबर पाणी मागू लागला. एकाने तर दाराशी यायच्या आधीच आवारातून हाक दिली, "माय, पाणी!" तुळसाबाई आतून म्हणाली, "नळ स्वयंपाकघरामागे आहे, बापू." त्या दिवशी घाटे इतके हसले की त्यांना पान थुंकावं लागलं. तेव्हापासून ती लोटा दिल्यावर फटीतून पाहू लागली, पोरगं पाणी पितं की नुसतं ओठाला लावतं.

अशा त्या बंगल्यात एक दिवस वनमाला आली.

वनमाला तुळसाबाईची एकुलती एक मुलगी. नर्सिंग शिकली होती, नागपुरातच नोकरी करत होती. बोलायला कमी. इथिओपियाला जाण्यासाठी तिने अर्ज केला, निवड झाली, आणि मग जेवताना आईला सांगितलं. तुळसाबाईने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

"किती दूर आहे वं ते?"

"दूर आहे. आधी मुंबई, मग विमान."

"देवी आहे तिथं अजून?"

"आहे म्हणून तर जाऊन राहिलो, माय."

वर्गातले आठवडे सरत गेले. वनमाला सकाळी आईबरोबरच सायकलरिक्षाने यायची. बंगल्याच्या फाटकातून आत आल्यावर एक मागच्या आवारात जाई, दुसरी पुढच्या खोलीत. लटक्या घराची पाळी शेवटी होती. ते दार उघडलं नाही, तर जाणं पुढच्या तुकडीपर्यंत लांबणार. आणि पुढची तुकडी निघेलच, याची कुणी हमी देत नव्हतं.

घाट्यांनी तुळसाबाईला बोलावलं. "वनमालाच्या वेळी मी सिंधूताईंना बसवतो. तुम्हाला अवघड होईल."

"नाही," तुळसाबाई म्हणाली. "मीच बसतो."

त्या रात्री वनमालाने विचारलं, "तूच बसणार आहे म्हणे?"

"हो."

"बस मग."

दिवा मालवल्यावर तुळसाबाई अंधाराकडे पाहत पडून राहिली. तिने ठरवून टाकलं होतं. ती उघडणार नाही. ना भांडण, ना रडणं. एक कडी काढायची नाही, एवढंच, आणि पोरगी इथेच राहील. हातभर अंतरावर वनमालाचा श्वास लयीत चालला होता, लहानपणी चालायचा तसा.

पाळीच्या दिवशी सकाळपासून आभाळ पांढरट होतं, वारा नव्हता. तुळसाबाईने लहानूच्या गालांवर दाणे लावले, डहाळा बदलला, आत जाऊन कडी घातली. खोलीत शेणाचा आणि पानांचा गार वास होता. बसल्या बसल्या तिचं वय उतरत गेलं. कवेलूंच्या फटीतून उन्हाची एक काडी येऊन भिंतीवर टेकली होती.

पावलं वाजली. ती आवाराच्या तोंडाशी थांबली नाहीत. थेट पायरीपर्यंत आली.

"बाई, घरात कुणी आजारी आहे का?" वनमालाचा आवाज, पण वर्गातला, इस्तरी केलेला.

"कोणी नाही घरी."

वनमालाने पाणी मागितलं नाही. समजावलंही नाही. पायरीवर बसल्याचा आवाज आला आणि मग दारावर हलका भार पडला. तुळसाबाईला तो भार ओळखू आला. पोर रुसली की अशीच दाराला पाठ लावून बसायची. आता लाकडाच्या एका फळीपलीकडे तिची पाठ होती. बराच वेळ काही झालं नाही. आवारात कुठेतरी सातभाई कलकलत होते. भिंतीवरची उन्हाची काडी लहानूच्या पायापर्यंत उतरली.

मग वनमाला बोलली. आता आवाज घरातला होता.

"माय, एक विचारू?"

आत तुळसाबाई लहानूला थोपटत राहिली.

"आपल्या घरी किती दिवस झाले, तू फोडणी नाही देऊन राहिली. वरण तसंच, भाजी तशीच. मले वाटलं तेल संपलं. पाह्यलं, तर तेल आहे. मी काही बोललो नाही, खात राहिलो." ती जराशी थांबली. "आपल्या घरी कोण बिमार आहे वं?"

तुळसाबाईचा हात लहानूच्या पाठीवर थबकला. तिने आठवून पाहिलं. वरण उकळताना ती पाहत होती, मीठ घालताना पाहत होती. पळी चुलीवर तापवायला घेतलेली मात्र तिला आठवेना. ज्या दिवशी वनमालाने विमानाचं नाव काढलं, त्या दिवसापासून. गोटा विहिरीत जाऊन वीस वर्षं होत आली होती आणि ती आपल्या स्वतःच्या घरात, कुणी न सांगता, मातेचं पथ्य पाळत बसली होती. पोर आत आहे, पोराला बाहेर दाखवायचं नाही, चुलीचा आवाज करायचा नाही. तिच्या मायनं केलं तेच.

"लहानू," ती आतून म्हणाली.

"कोण लहानू? बाहुला?"

"माहा भाऊ."

पाठीचा भार दारावरून निघाला. वनमाला वळून बसली असावी. फळीला तोंड लावून, अगदी हळू तिने विचारलं, "तुले भाऊ होता?"

तुळसाबाईने दाराजवळ सरकून सगळं सांगितलं. चिंचेखालचा माणूस, मायचं उत्तर, वाजत गेलेली पावलं. सांगताना तिचा आवाज आठ वर्षांच्या मुलीसारखा बारीक झाला होता. "तो दाराशी आला असता, तर त्यानं मले पाह्यलं असतं. मग लहानूले टिका टोचला असता. इतकुसा हात होता त्याचा. मी ऐकत होतो वं, वनू. त्याचे पाय जाऊन राहिले होते अन् मी ऐकत होतो."

वनमाला "उघड" म्हणाली नाही. फटीखालून तिची सावली हलली नाही, तेवढंच.

तुळसाबाई उठली. गुडघे कडकडले. कडी काढताना ती नेहमी एक झटका द्यायची. आज कडी अलगद निघाली.

वनमाला आत आली. तिने आधी चपला बाहेर काढल्या, मग रिकाम्या कोपऱ्याला वळसा घालून लहानूपाशी उकिडवी बसली, त्याचे तळवे उलटे करून पाहिले आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "घरात आणखी कोण कोण आहे? त्यांनाही टोचायचं आहे."

"मी आहो," तुळसाबाई म्हणाली, आणि बाही वर सारली.

बाहेर घाटे वाट पाहत होते. वनमालाने सरळ सांगून टाकलं, "सर, मी घरचं काढलं. तिथे माझी आई नसेल, तिच्या स्वयंपाकातलं मला काय कळणार? हे धरू नका."

घाट्यांनी पान तोंडात फिरवलं आणि तुळसाबाईकडे पाहिलं. "दार तुमचं. तुम्ही सांगा."

तेव्हा पुन्हा एकदा सगळं तिच्या हातात आलं. एक "नाही" म्हटलं की झालं. पोरीने स्वतःच वाट करून दिली होती. तुळसाबाईने पदराने मान पुसली. आभाळाकडे पाहिलं. सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारात चाळणी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलं.

"ते दाराशी आली, साहेब," ती म्हणाली. "अन् बसून राहिली. पाठवा तिले."

वनमाला गेली. वर्षभराने काळवंडून, वाळून परत आली. तिकडच्या बायांसारखे केस विंचरायला शिकली होती आणि झोपेत परक्या भाषेत बोलायची. तुळसाबाई उशाशी बसून ते ऐकायची. एक शब्द कळत नसे, पण ऐकत राहायची. पुढे सगळ्या जगातूनच देवी गेल्या. बंगल्यात मग पटकीच्या साथीची शिकवणी सुरू झाली, लटकं घर मोडून तिथे भांड्यांचं सामान ठेवलं गेलं. लहानूला तुळसाबाईने घरी आणलं, एकदा धुऊन वाळत घातलं. त्याचा चेहरा धुतल्यावर अगदी कोरा निघाला.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात वनमालाला पुन्हा जायचं होतं, पटकीच्या कामावर, आणखी दूर. आता भीमाबाईच वस्तीभर सांगत फिरायची, "आमच्या वनूबिगर तिकडे पत्ता हालत नाही." तुळसाबाईचे गुडघे तोवर बसले होते, स्टेशनावर जाणं तिला जमणार नव्हतं. पुढच्याच उन्हाळ्यात, वनमाला तिकडे असताना, भर दुपारी बाजेवर पडल्या पडल्या तुळसाबाई गेली. वनमालाला तार पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

म्हणून तिचं वनमालाने ऐकलेलं शेवटचं बोलणं ते त्या हिवाळ्यातल्या दुपारचं. रिक्षावाला बाहेर घंटी वाजवत होता, भीमाबाई पेटीवर बसून झाकण दाबत होती. तुळसाबाई भिंतीला टेकून पाहत होती. एकदम तिने काठी उचलून पेटीवर टकटक केलं.

"उठ वं भीमे. शाल बुडाशी काहून टाकली, वनू? वर ठेव. गाडीत लागन."